गॅसच्या ट्रेलरमधली खोटी घंटी

मी वऱ्हाड पाहिलं ते चाकांवरच्या घरातून. एवढ्यावरून कुणी मला सर्कशीतली समजू नये. मी पुण्याची, गृहविज्ञानाची पदवीधर, आणि त्या साली एका गॅस कंपनीत नुकतीच लागलेली, प्रात्यक्षिकं दाखवणारी बाई. मुंबईत गॅसच्या शेगड्या येऊन काही वर्षं झाली होती, पुण्यात त्या थोड्याफार घरांत पोचल्या होत्या. आता अमरावती-अकोल्याकडच्या बायका चूल सोडायला तयार होतील का, हे कंपनीला अजमावायचं होतं. त्यासाठी विलायतेहून एक ट्रेलर मागवला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: पांढऱ्या पत्र्याची एक खोली, खाली दोन चाकं, जीपच्या मागे जोडायची. एका बाजूची फळी वर उचलली की आत स्वयंपाकघर, शेगडी आणि सिलिंडर. पडद्यामागे झोपायला दोन फळ्या, एकावर एक, आणि मागच्या अंगाला एक खिडकी. आणि खालच्या फळीच्या पायाशी, अगदी जमिनीलगत, एक लोखंडी पेटी.

या पेटीनं मला आठ दिवस रडवलं, म्हणून तिची ओळख आधीच करून देते. तिच्या पुढच्या बाजूला जाळी होती आणि जाळीमागे एक बारीक तापलेली तार. जळणारी वाफ जाळीतून आत गेली की तार आणखी तापायची आणि वरची घंटा घणाणायची. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून पेटीही खाली. बॅटरी वाचावी म्हणून ती प्रात्यक्षिकापुरतीच चालू करायची. कंपनीला तिचा भारी अभिमान होता.

निघण्यापूर्वी कर्णिकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे मोठे साहेब. ते म्हणाले, "बाईमाणसाला यंत्राचं जमणार नाही असं ऑफिसात सगळे म्हणतात. मी म्हणतो जमेल. आठव्या दिवशी मी स्वतः अकोल्याला येतो. तिथं सगळं सुरळीत दिसलं तर ट्रेलर तुमच्या ताब्यात. नाहीतर ट्रेलर मुंबईला आणि तुम्ही पुण्याला."

पुण्याला म्हणजे घरी, आणि घरी म्हणजे पोहे करून पाहुण्यांसमोर बसायला. नाशिकचं एक स्थळ तर उत्तराची वाट पाहत होतं. मला ही नोकरी हवी होती. इतकी हवी होती की मी ती टिकवायला मनूआत्याला बरोबर घ्यायलाही कबूल झाले.

ती वडिलांची अट होती. तरण्या मुलीनं ड्रायव्हरबरोबर एकटीनं गावोगाव हिंडायचं हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. मनूआत्या त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, पांढऱ्या लुगड्यातली, कडक सोवळ्याची. स्वतःच्या किंवा फार तर माझ्या हातचं खाणारी. चहा मात्र दिवसातून चार वेळा, आणि एक जरी चुकला तरी घरात कुणाची धडगत नसे. गॅसविषयीचं तिचं मत तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "ज्याची राख होत नाही तो अग्नी कसला?"

मला तिथंच युक्ती सुचली. मी म्हटलं, "आत्या, माझ्यावर त्या बायका विश्वास ठेवायच्या नाहीत. तुझ्यावर ठेवतील. मी गॅसवर चहा करीन आणि सांगेन की माझी सोवळ्यातली आत्यासुद्धा हा पिते. तू सगळ्यांसमोर कप हातात घे. एवढंच कर माझ्यासाठी."

तिनं हातातली वात वळून पूर्ण केली. मग म्हणाली, "बरं." मला वाटलं, निम्मं वऱ्हाड जिंकलं.

धामणगाव रेल्वे

धामणगावच्या स्टेशनावर आम्हांला घ्यायला गुलाबराव आला होता. हा आमचा ड्रायव्हर, मूळचा अकोल्याचा, पन्नाशीचा, आणि कशाचीही घाई नसलेला. ट्रेलर त्यानं नागपूरहून ओढून आणला होता.

"ताई, तुमी काही भेव करू नका," तो म्हणाला. "एक खिळा नाई हालला या डब्ब्याचा."

गाव कापसाचं आणि धान्याचं. बाजारातून जाताना हवेत कापसाचे तुसे तरंगत होते, ते भुवयांवर, पदरावर, आत्याच्या चष्म्यावर येऊन बसत. पुण्याला लोक पाहुण्याला आधी "कोणत्या गाडीनं परत जाणार?" असं विचारतात. इथं एका व्यापाऱ्याच्या अंगणात ट्रेलर लावायला जागा मागितली, तर पहिला प्रश्न आला, "जेवल्या का जी तुमी?" नाही म्हणायची सोय नव्हती. ज्वारीची भाकरी, बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. रस्सा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पाहून यजमानीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी तिखट कमीच केलं माय." आत्यानं आपले दशम्यांचे डबे सोडले.

दुपारी चारला प्रात्यक्षिक. पन्नासेक बायका सतरंजीवर, पुरुष लांब लिंबाखाली उभे. मी चहा केला, आत्याची ओळख करून दिली, तिनं कप सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "मी आत बसून निवांत पिते." पुरुषांसमोर विधवा बाईनं कप तोंडाला लावायचा नाही, हे तिथल्या बायकांनाही अगदी योग्य वाटलं. ती पडद्यामागे गेली. मी वांगी भरताला घेतली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "गॅस अगदी निर्धोक आहे. आणि समजा चुकून गळलाच, तर ही घंटी लगेच सांगेल."

घंटीनं लगेच सांगितलं.

पन्नास बायका ज्या वेगानं उठल्या, तो वेग मी पुढं कधी पाहिला नाही. मी सिलिंडर बंद केला, आत्याला हात धरून बाहेर काढलं आणि साबणाचा फेस करून नळीच्या सगळ्या जोडांना लावला. गळती असली की तिथं फुगे येतात. एकही फुगा आला नाही. पाच मिनिटांनी घंटी आपोआप गप्प झाली. तोवर सतरंजीवर दोन चपला आणि माझं एक वांगं उरलं होतं. बाकीची वांगी कुणीतरी पळता पळता नेली होती.

गुलाबरावानं गुडघे टेकून पेटीत डोकावून पाहिलं. "कापूस गेला हिच्या नाकात. म्हणून शिंकून राहिली."

जाळीत खरंच तुसे अडकले होते. मी माझ्या दात घासायच्या ब्रशनं जाळी साफ केली आणि आमचा आजार बरा झाला असं समजून झोपले.

अमरावती

अमरावतीला एका शाळेच्या पटांगणात जागा मिळाली. शहर मोठं, रस्ते ऐसपैस, आणि माणसं बोलायला सरळ. पुण्यात एखादी गोष्ट आवडली नाही की लोक "वा, छान" म्हणून विषय बदलतात. इथं एका बाईनं शेगडीभोवती फेरी मारून विचारलं, "काय जी, याची राख कुठं पडते?"

"राख पडतच नाही," मी अभिमानानं म्हटलं.

"मंग भांडे कायनं घासू?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. गृहविज्ञानाच्या चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्यांची चूल पऱ्हाट्यांवर चालायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली ती वाळकी झाडं, फुकट मिळणारी. त्यांच्यावर भाकरी होते, वांगं भाजतं, आंघोळीचं पाणी तापतं आणि वर राखही मिळते. मी पावडरीचा डबा दाखवला. तो हातोहात फिरला, हुंगला गेला आणि मला परत मिळाला. मागून आत्याचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं." ती माझ्या बाजूची आहे हे ती क्षणभर विसरली होती.

इथल्या बायका "मी येतो", "मी जातो" म्हणतात. पहिल्या दिवशी मी मागं वळून कोण पुरुष आला ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "आत्या, मी जरा बाजारात जाऊन येतो." तिनं कानांवर हात ठेवले.

प्रात्यक्षिक रंगात आलं. आत्या कप घेऊन आत गेली. मी वांगं थेट जाळावर धरलं, सालीचा वास सुटला, पुढं बसलेल्या आजीबाईंनी मान डोलावली, आणि घंटी वाजली.

फेस, जोड, शून्य फुगे. या वेळी बायका फाटकापर्यंतच पळाल्या, पण परत आल्या नाहीत. मी बॅटरीवर संशय घेतला. तारेला वीज कमी मिळाली तर पेटी वेड्यासारखी वागते असं पुस्तकात लिहिलं होतं. गुलाबरावानं बॅटरी काढून एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीनं ती तपासली, पाणी भरलं आणि निरोप पाठवला की बॅटरी ठणठणीत आहे, बाईलेच विश्रांती पाहिजे.

संध्याकाळी गुलाबराव ट्रेलरच्या एका चाकापाशी उकिडवा बसलेला दिसला. "ताई, मुंग्या कावून लागून राहिल्या या चाकाले? धामणगावले बी लागल्या होत्या. याच बाजूनं."

मी म्हटलं, मुंग्यांचं नंतर पाहू, आधी घंटीचं बघा. शहाण्या माणसानं त्या मुंग्यांकडेच आधी पाहिलं असतं.

परतवाडा

परतवाड्याला उतरलो तेव्हा हवा बदलली होती. मेळघाटाचे डोंगर निळे दिसत होते, सागाच्या ओंडक्यांचे ढीग रस्त्याकडेला रचलेले, आणि संत्र्यांच्या राशी इतक्या की मी मोजून एक मागितलं तर बाईनं ओच्यात पाच टाकली. आत्यानंही संत्री खाल्ली. फळाला दोष नाही म्हणाली.

इथले प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे बापूसाहेब, जंगलचे ठेकेदार. प्रात्यक्षिकाचं उद्घाटन त्यांच्या हातून व्हायचं होतं. तेव्हा सगळीकडे दारूबंदी होती आणि बापूसाहेब त्यावर भाषणंही करीत. त्यांना जुनाट खोकला होता, त्यावर ते खिशातल्या बाटलीतून काढा घेत असत.

ते तासभर उशिरा आले. तोवर चहा होऊन आत्या नुकतीच आत गेली होती. हार गळ्यात घालून बापूसाहेबांनी ट्रेलरच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि घंटी जीव तोडून वाजली.

बापूसाहेब पायरीवरून उतरले ते थेट आपल्या टांग्यात. हार वाटेत पडला.

पुन्हा फेस, पुन्हा काही नाही. मी वैतागून गुलाबरावाला समजावत होते, "अहो, ही गॅस ओळखत नाही. हिला जळणारी कुठलीही वाफ चालते. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, दारू. तशी काहीतरी वाफ इथं येते आहे. कुठून येते तेवढं कळत नाही."

आत्या शेजारी संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, बी लागली असेल.

गुलाबराव मात्र "दारू" या शब्दाशीच थांबला होता. तो विडी ओढायला पानठेल्यावर गेला, आणि अर्ध्या तासात साऱ्या गावाला ठाऊक झालं की मुंबईच्या सरकारनं दारू पकडणारी घंटी पाठवली आहे. दुसऱ्या सकाळच्या प्रात्यक्षिकाला पुरुष चार शेतं सोडून उभे राहिले. बायका मात्र दुप्पट आल्या. एक तरुण बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, शेगडीचं मंग पाहू. ही घंटी एक रोज आमच्या घरी ठेवता का जी? शनवारी?"

बापूसाहेबांचा निरोप आला की त्यांना सर्दी झाली आहे.

हसून झाल्यावर मी ट्रेलरच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. तीन गावं झाली होती, तीनही ठिकाणी घंटी वाजली होती, त्या सकाळी ती का गप्प राहिली हेही कळलं नव्हतं, आणि अकोला तीन दिवसांवर होतं. गुलाबराव पक्कड घेऊन आला.

"तार कापून टाकतो. झंझट मिटते. सायबाले काय समजते?"

मी पक्कड हातात घेतली, हे कबूल करते. खाली वाकले, तार बोटानं चाचपली. पण रोज पन्नास बायकांना मी सांगत होते की ही घंटी तुम्हांला सावध करील. ती तोडून तेच वाक्य पुन्हा म्हणायला माझी जीभ रेटली नसती. मी गुलाबरावाला सांगितलं, फक्त तारेची टोकं घासा आणि घट्ट बसवा. त्यानं ती घासली. मागं उभ्या असलेल्या आत्यानं हे सगळं पाहिलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, "मालू, रडू नको गं."

अकोटकडची वाट

त्यानंतरचे दोन दिवस घंटी वाजली नाही. अचलपुरात नाही, अकोटला नाही. मी मुद्दाम गॅस किंचित सोडून पाहिला, तेव्हा मात्र वाजली. म्हणजे पेटी शाबूत होती आणि खोटं बोलायचं तिनं सोडलं होतं. गुलाबराव मिशीला पीळ देऊन भेटेल त्याला तारेची टोकं घासल्याची हकिगत सांगू लागला. अकोटला रोडगे करून दाखवा असा बायकांनी हट्ट धरला. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. ते गॅसवर होत नाहीत, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या खूश झाल्या. "खरं बोलते पोरगी," एक म्हणाली. मी तारघरात जाऊन कर्णिकसाहेबांना तार केली: घंटी ठीक, यावे.

आमच्यात नाखूश एकटी आत्या होती. परतवाडा सोडल्यापासून तिचं डोकं दुखत होतं. ती कपाळाला पट्टी बांधून जीपमध्ये बसे, गुलाबरावाला गाडी हळू चालव म्हणे आणि हळू चालवली की रांगतोस का म्हणून विचारे. सुंठ उगाळून लावली, फरक पडला नाही. मी म्हटलं, "चहा घे ना गरम गरम. आत्ता करून देते." ती माझ्याकडे अशी काही पाहत राहिली की मी विषय सोडला.

अकोला

अकोल्याला उतरायची सोय जठारपेठेत सुमनबाईंकडे होती. या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. गावातल्या बायका जमवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. स्वच्छ दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ताजी फुलं. त्यांनी पाणी आणलं. आत्या ओट्यावरच बसली आणि तिनं आपल्या तांब्यातलं पाणी प्यायलं. सुमनबाईंनी ते पाहिलं आणि भरलेला पेला शांतपणे आत नेला. मला लाज वाटली, आणि तरी मी काही बोलले नाही, याची जास्त वाटते.

चारच्या सुमारास मैदानात ऐंशी बायका होत्या. कर्णिकसाहेब पांढरीशुभ्र पँट घालून आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी ट्रेलरभोवती एक चक्कर मारून येतो."

मी विचारलं, चहा कोण करून बघतं? सुमनबाई उठल्या. त्यांनी शेगडी पेटवली, दचकल्या नाहीत, आणि शाळेत फळ्यावर लिहावं तशा सावकाश सगळ्यांना दाखवत चहा केला. कप आत्याकडे आला. मी नेहमीचं सांगितलं, "माझी सोवळ्यातली आत्या गेले आठ दिवस याच शेगडीवरचा चहा पिते आहे." आत्यानं कप वर धरला. दोन दिवसांच्या डोकेदुखीनं तिचे डोळे लाल झाले होते. ती पडद्यामागे गेली.

यापुढचं सगळं मिनिटभरात घडलं. आधी ट्रेलरच्या मागून कर्णिकसाहेबांचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. मग घंटी सुरू झाली. मग साहेब कोपऱ्यावरून पुढं आले. त्यांच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापासून खाली दूधसाखरेचा चहा ओघळत होता.

ऐंशी बायका उठल्या. मी सिलिंडरकडे धावले. साहेब माझ्याकडे पाहत होते आणि माझी आठ दिवसांची नोकरी त्या घणघणाटात संपत होती. चावी फिरवली, फेस करायला साबण शोधू लागले.

"साबण नको," आत्या म्हणाली.

पडदा बाजूला करून ती पायरीवर उभी होती. एका हातात रिकामा कप. दुसऱ्या हातात जांभळ्या स्पिरिटची बाटली, बूच काढलेली. काखेत एक एवढासा पितळी दिवा, आजारी माणसाचं दूध ऊन करायला वापरतात तसला.

"बाटली उघडली की ही वाजते," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, मागच्या बायकांनाही ऐकू गेला. "माझ्या चहासाठी मी आत स्पिरिटचा दिवा लावत होते. गॅसवरचा चहा मी आजवर एक थेंब प्यायलेली नाही. रोज खिडकीतून ओतला. आज या सद्गृहस्थांच्या अंगावर पडला. हिनं परतवाड्याला कारण सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं. दोन दिवस या वेळचा चहा सोडून पाहिला, आज नाही राहवलं."

घंटी वाजतच होती. गुलाबराव चाकाखाली पाहून म्हणाला, "मुंग्या." त्याला आठ दिवसांचं कोडं सुटल्याचा आनंद झाला होता.

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. सिलिंडरपासून चार हातांवर ही बाई पडद्याआड दिवा पेटवत होती, म्हणून मी आधी सिलिंडरची चावी आणखी घट्ट केली. राग आला. आणि तिनं ज्यासाठी हे केलं ते आठवून राग टिकेना. माझी नोकरी राहावी म्हणून आयुष्यभर खोटं न बोललेली बाई गावोगाव खोटं बोलत आली होती, आणि त्या खोट्यापायीच ती नोकरी जायला निघाली होती.

"आत्या, मला सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"काय सांगू? तू रडत होतीस." मग ती बायकांकडे वळली. "घंटी खरं सांगत होती. खोटी मी होते. गॅस गळलेला नाही, या पोरीचं काही चुकलेलं नाही. घाबरून पळू नका."

मी बाटली तिच्या हातातून घेतली, बूच घट्ट लावलं आणि गुलाबरावाला ती लांब नेऊन ठेवायला सांगितली. हळूहळू घंटी थांबली. मैदान इतकं शांत झालं की साहेबांच्या पँटवरून ठिबकणारा चहा ऐकू यावा.

पहिल्या सुमनबाई बोलल्या. "आत्याबाई, तुमचं डोकं लय दुखत असंल. चहा देऊ काय?"

त्यांनी माझ्याकडून चावी उघडून घेतली, पुन्हा शेगडी पेटवली, पुन्हा चहा केला. सगळ्या बायका पुढं सरकून पाहत होत्या. त्यांना आता शेगडीत नाही, आत्यात रस होता. सुमनबाईंनी कप पुढं केला. आत्यानं तो घेतला. गॅसवरचा, बाहेरचा, आणि सकाळी जिच्या हातचं पाणी घेतलं नाही तिच्या हातचा. यातलं काय काय तिच्या मनात आलं ते मी कधी विचारलं नाही. ती आत गेली नाही. पायरीवरच बसली, बायकांसमोर, पुरुषांसमोर, बशीत ओतून फुंकर घातली आणि सगळा चहा प्यायली. मग डोळे मिटून बसली.

"कसा हाय जी?" मागून एकीनं विचारलं.

"आलं जरा जास्त आहे," आत्या म्हणाली, आणि कप पुन्हा पुढं केला.

ऐंशी बायका हसल्या. ते हसणं थांबेपर्यंत कर्णिकसाहेब बाजूला गुलाबरावाशी बोलत होते. मग ते मला म्हणाले, "आठ दिवस तुम्हांला कारण सापडलं नाही."

"नाही सापडलं, साहेब."

"ड्रायव्हर म्हणतो, तो तार कापून देत होता."

"हो."

"का नाही कापलीत?"

"मग बायकांना काय सांगितलं असतं?"

साहेबांनी खाली आपल्या पँटकडे पाहिलं. "पुढच्या महिन्यात यवतमाळ," ते म्हणाले. "ट्रेलर तुमच्याकडेच राहील. बरोबर कोणी घ्यायचं ते मात्र नीट ठरवा."

"मीच येणार," आत्या म्हणाली. "आता मी खरंच पिते."

त्या संध्याकाळी सुमनबाईंकडे तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्यांचं भरीत होतं, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. गॅसवरच्या भरितापेक्षा ते चांगलं होतं, हे मी कंपनीच्या अहवालात लिहिलं नाही. आत्या आत पाटावर बसली. तिनं भाकरी आपल्या डब्यातलीच खाल्ली, पण पाणी सुमनबाईंच्या पेल्यातलं प्यायली, आणि जेवण झाल्यावर भांडी घासायला त्यांच्या चुलीतली राख मागून घेतली.

सहा-सात महिन्यांनी आमच्या पुण्याच्या घरी गॅस आला. जोडणी करायला आलेल्या माणसानं शेगडी बसवली, फेस लावून जोड तपासले आणि सही घ्यायला कागद पुढं केला. आत्या ओट्याखाली वाकून काहीतरी शोधत होती.

"काय हवंय, आजी?" त्यानं विचारलं.

"घंटी कुठाय?"

"घरातल्या शेगडीला घंटी नसते, आजी. तिची काही गरज पडत नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "या घरात मी राहते," ती त्याला म्हणाली. "गरज आहे."